चार नंबरला आवतण

आमच्या ताडकळसच्या फाट्यावर एस.टी. थांबली की सगळी माणसं आधी चढून घेतात आणि किसन सार्जंट सगळ्यात शेवटी चढतो. त्याला आधी गाडीला चक्कर मारायची असते. चाकावर बुक्की मारून बघतो, दिवा बोटानं वाजवतो, खाली वाकून तेल गळतं का ते पाहतो आणि मग कंडक्टरला सांगतो, "मागचा पत्रा ढिला हाय."

कंडक्टर म्हणतो, "मामा, आमचा डायवरबी ढिला हाय. चढा आता."

एकदा बाजाराच्या दिवशी परगावच्या एका म्हातारीला वाटलं, ह्यांचा काही नवस असंल. ती हात जोडून त्याच्या मागं मागं एस.टी.ला प्रदक्षिणा घालून आली आणि पुढच्या काचेला कुंकू लावून मोकळी झाली.

किसन माझा शेजारी. शाळेत एकाच फळीवर बसलो. तो पुढं शिकला, मी चौथीत थांबलो, पण म्हणून मी काही त्याच्यापेक्षा कमी नाही. बावीस वर्षं तो हवाई दलात मेकॅनिक होता. गावाला वाटायचं, हा विमान चालवतो. त्यानंच एकेकाला धरून सांगितलं, "मी चालवत न्हवतो. मी नीट ठेवत होतो."

आकाशात कसरती करणारी लाल-पांढरी नऊ विमानं असतात. पंखाला पंख लावून उडतात, उलटी होतात, धुरानं रेघा मारतात. त्यातलं चार नंबरचं विमान ह्याच्याकडं. पायलट बदलले, साहेब बदलले, पण अकरा वर्षं चार नंबरला हात ह्याचाच. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "सुट्टी मिळाली न्हाई." आता पेन्शन खातो, हातानं रांधतो आणि गावातल्या हरेक वस्तूला ढिली म्हणतो. खाट ढिली, कडी ढिली, सरपंचाचं भाषण ढिलं.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यानं जो घोळ घातला तो अजून लोक काढतात. पंगत बसली, पानं मांडली, आणि हा आचाऱ्याजवळ जाऊन पळ्या मोजायला लागला.

"अकरा हायत. सकाळी बारा व्हत्या."

"आसू द्या की, सार्जंट. एका पळीवाचून काय आडतंय?"

"हत्यारं मोजताना एक पाना कमी भरला तर विमान उडत न्हाई. आन् पंगतबी वाढायची न्हाई."

नवरदेवाचा बाप तापला. माझा भाऊ पाया पडला. हा हटला नाही. शेवटी वरणाची देग दुसऱ्या भांड्यात उपसली, तर पळी तळाला. सगळ्यांनी गार वरण खाल्लं. किसन मात्र तेवढा एक दिवस कशालाही ढिलं म्हणाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही हॉटेलात चहा पीत बसलो होतो. मास्तर पेपर मोठ्यानं वाचत होते. खबर अशी होती की त्या कसरतीच्या पथकाची जुनी विमानं आता मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी नवी आली. काही जुनी भंगारात जाणार, काही कुठं कुठं शोभेला उभी करणार. मास्तर म्हणाले, "फोटो बघा सार्जंट, काय झकास हायत नवी."

किसननं फोटो बघितला नाही. बशीतला चहा बशीतच राहिला.

मी आपलं समजूत घालायला म्हणालो, "म्हातारं झालं की बदलावंच लागतंय. मी न्हाई का बैलं इकून ट्रॅक्टर घेतला?"

"तुझी बैलं कुणी घेतली, ठावं हाय का तुला?"

"सेलूच्या एका दलालानं."

"फुडं कुठं गेली?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, "तुला अक्कल आसती तर चौथीत दोनदा बसला नसतास." चार माणसांत म्हणाला. आणि मी दोनदा नव्हे, एकदाच बसलो होतो. मी उठलो. त्या दिवसापासून मी त्याच्या घरची पायरी चढलो नाही.

पण भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळं कळायचं सगळं. तो रोज फोन लावायचा. जुन्या सोबत्यांना, ऑफिसाला, कुणाकुणाला. एकच सवाल. "चार नंबर कुठं गेलं, सायेब? भंगारात गेलं का उभं हाय?" पलीकडचा काहीबाही सांगायचा. मग हा बराच वेळ अंगणात नुसता उभा.

पोळ्याच्या चार दिवस आधी तो माझ्या दारात आला. आत आला नाही.

"सापडलं. उदगीरच्या पलीकडं, एका बागंत उभं हाय. मी चाललोय. तुला चल म्हणत न्हाई, सांगायलोय."

"मला तिकडं कामच हाय," मी म्हणालो. काम काहीच नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी परभणीहून रेल्वेनं गेलो. वाटेत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. बागेत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. विमान चौथऱ्यावर उभं होतं, भोवती साखळी. रंग नवा फासलेला, पण चार आकडा तसाच. माझ्या डोळ्याला ते लय लहान दिसलं.

किसन साखळी ओलांडून गेला. हवा आत घ्यायच्या तोंडावर पत्रा ठोकला होता. त्यानं बोटानं वाजवलं. पोकळ आवाज आला.

"इंजन काढून घेतलंय," तो म्हणाला. "पोटात काई न्हाई ह्याच्या."

मग खिशातून डबी काढली. हळद आणि तूप. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून खांदा सुजतो, त्याला हळद-तूप चोळायचं आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, हा दस्तूर. किसन पंख जिथं अंगाला जुळतो तिथं चोळायला लागला. सावकाश, दोन्ही हातांनी.

वॉचमन ओरडत आला. "ओ बाबा! रंग खराब करायलाव काय? उतरा खाली!"

मी त्याच्या आडवा झालो. "आज खांदेमळण हाय. तुमच्या घरी बैल न्हवते का कधी?"

तो थांबला. हातातली काठी खाली टेकली आणि दुसरीकडं बघत उभा राहिला.

किसननं पत्र्याला तोंड लावलं. "आज आवतण घ्या," म्हणाला. "उद्या जेवायला या."

रात्रीच्या गाडीनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी गावात बैल सजले, वाजंत्री लागली. दुपार टळत आली तरी किसन मारुतीच्या पाराकडं दिसला नाही. मी भिंतीवरून डोकावलो. मग पायरी चढलो.

चुलीपुढं तो बसला होता, हाताला पीठ. समोर दोन पाट. एका पाटापुढं पुरणपोळीचं ताट वाढून ठेवलेलं, वर तूप थिजून गेलेलं. त्या पाटावर कुणी नव्हतं. दुसऱ्या पाटापुढचं त्याचं ताट रिकामंच होतं.

"कवाचा बसलास?"

"सकाळपून." तो वर न बघता म्हणाला. "आवतण देऊन आलोय. वाढून ठेवावं लागतंय."

मी चपला काढल्या, हात धुतले आणि वाढलेल्या ताटावर बसलो. "तूबी घे वाढून," म्हणालो. त्यानं घेतलं.

पुरण पातळ झालं होतं आणि पोळी एका बाजूनं करपली होती. दोन खाल्ल्यावर मी तिसरी मागून घेतली.