लाल टॉवेलाचं निशाण

दिवाणखान्यातल्या झुंबराची दुसरी काच फुटली तेव्हा इन्साफ हातातल्या डावासकट स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा नवरा उस्ता मितवल्ली खोलीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हातांत आडवा धरलेला झाडूचा दांडा, केसांत काचा आणि चेहऱ्यावर समाधान.

"बघ! पोचला की नाही वर?"

"दांडा पोचला. हात कुठं पोचलाय?"

"हातातच तर होता दांडा."

"डाव्या हातात होता. उजवा नुसता बरोबर गेला, वरातीत शेजारी जातात तसा." इन्साफने झुंबराकडे पाहिलं. तिच्या आईने लग्नात दिलेलं झुंबर होतं ते. "उद्यापासून हे सगळं गच्चीवर. आणि ईद जवळ आलीये, लक्षात आहे ना?"

मितवल्लीच्या लक्षात होतं. इम्बाबा वस्तीतल्या त्या गल्लीत कोच आणि खुर्च्यांना कापड चढवणारा त्याच्याइतका सफाईदार कारागीर दुसरा नव्हता, म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत; पण त्याला अभिमान होता तो गच्चीवरच्या कबुतरांचा. दोन वर्षांपूर्वी ढाबळीच्या शिडीवरून तो पडला. हाड जुळलं, पण उजवा खांदा आखडून बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी वेदनेवरची एक गोळी घ्यायची आणि कबुतरं उडवायला वर जायचं, असा त्याचा क्रम झाला. पुढे एकीच्या दोन झाल्या. गेल्या हिवाळ्यात पोटात रक्तस्राव होऊन त्याला इस्पितळात ठेवावं लागलं, आणि डॉक्टरांनी गोळ्या कायमच्या बंद केल्या.

घरी परतल्यावर इन्साफने निकाल दिला. "कबुतरांसाठी तुम्ही गोळ्या खाता. ईदपर्यंत गोळीशिवाय हात डोक्याच्या वर गेला तर ठीक. नाहीतर सगळी पाखरं शुक्रवारच्या बाजारात जातील. मला विधवा व्हायची हौस नाही."

गोळी नाही म्हटल्यावर सगळी गल्ली वैद्य झाली. कुणी कलौंजीचं तेल चोळलं. खाटकाने उंटाच्या वशिंडाची चरबी आणून दिली. ती चोळल्यावर मांजरं दोन दिवस मितवल्लीच्या मागून फिरत होती. न्हाव्याने पाठीवर पेले लावून वाईट रक्त ओढून काढलं. मेव्हण्याने तर त्याला थेट सीवाच्या वाळवंटात नेऊन तापल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलं. मितवल्ली वर आला तेव्हा खांदा होता तसाच होता, फक्त भाजलेला.

शेवटी इन्साफने त्याला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर रीहाम वयाने लहान, अंगाने बारीक, आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोन पात्यांच्या पट्टीने खांद्याचा कोन मोजला. "गरम पाण्यात पिळलेला टॉवेल खांद्यावर ठेवायचा. मग काठी दोन्ही हातांनी धरून वर न्यायची. वर थांबायचं. हळू खाली आणायचं. सकाळ-संध्याकाळ."

"आणि औषध?"

"हेच औषध."

"उंटाच्या चरबीनं हललं नाही ते झाडूनं हलणार?"

"हललं नाही तर या, बोलू," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मितवल्लीचा झाडूवर विश्वास नव्हता. स्वतःवर मात्र प्रचंड होता. महिनाभर त्याने नेमाने काठी उचलली, आणि झुंबर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा संसार घेऊन तो गच्चीवर गेला. खांदा शेकून झाल्यावर ओला टॉवेल ठेवायला जागा नव्हती, कारण दोऱ्यांवर इन्साफच्या चादरी वाळत होत्या. त्याने टॉवेल काठीच्या टोकाला बांधला. काठीबरोबर तोही वाळेल, असा त्याचा हिशोब. टॉवेल लाल होता.

इम्बाबातल्या कुठल्याही कबुतरवाल्याला लाल कापडाची काठी वर गेली की काय समजायचं ते समजतं. निशाण वर असेतो थवा हवेत राहतो. ते खाली आलं आणि शीळ वाजली की ढाबळीवर उतरतो. दोन कबुतरवाल्यांत तह असला तर भरकटलेलं पाखरू परत करायचं. युद्ध असलं तर ज्याच्या गच्चीवर उतरलं त्याचं. चार गच्च्या पलीकडच्या, गल्ली ज्याला मानाने मुअल्लिम म्हणायची त्या बय्यूमीशी मितवल्लीचं युद्ध वर्षानुवर्षं चालू होतं. पण मितवल्ली इस्पितळात गेला त्या दिवशी बय्यूमीने आपणहून तह जाहीर केला. आजारी माणसावर निशाण उचलायचं नाही, हा नियम होता. आजाऱ्याने स्वतःच निशाण उचललं, तर गोष्ट वेगळी.

मितवल्लीने काठी उचलली. हिवाळ्यापासून दाणे टिपत बसलेली त्याची कबुतरं फडफडत आकाशात चढली. त्याला वाटलं, वा! आपल्या व्यायामाला पाखरंसुद्धा दाद देतायत. मग काठीच्या टोकावरचा लाल टॉवेल लक्षात आला. काठी खाली घ्यावी तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर थांबायचं. तो थांबला. मग खाली आणायची ती हळू. तोवर पलीकडच्या गच्चीवरून आनंदाची आरोळी आली.

"मितवल्ली बरा झाला रे!" बय्यूमीने आपली ढाबळ उघडली.

दोन्ही थवे एकमेकांत मिसळले. बय्यूमीने शीळ घातली, तेव्हा चार महिने खाऊन सुस्तावलेल्या मितवल्लीच्या कबुतरांनी विचार केला असावा की जवळचं छप्पर बरं. निम्मी त्याच्या थव्याबरोबर खाली गेली.

"मुअल्लिम!" मितवल्ली गच्चीच्या कठड्यावरून ओरडला. "अरे, तो टॉवेल आहे!"

"माझं निशाणही आधी चादरच होतं!"

"मी व्यायाम करत होतो!"

"मीही व्यायामच करतोय! तुझी पाखरं मोजतोय!"

प्रकरण त्याच दुपारी कहवाखान्यात शेख शिहातांपुढे गेलं. शेख म्हणजे कुणी मौलवी नव्हे. गल्लीतले सगळ्यात जुने कबुतरवाले, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. बय्यूमी पकडलेली पाखरं खजुराच्या काड्यांच्या पिंजऱ्यात घालून पुरावा म्हणून घेऊन आला होता. शेखांनी हुक्क्याचा एक झुरका घेतला.

"निशाण उचलायला हात लागतो. मितवल्लीचा हात अजून आजारी असेल, तर काठीला टॉवेल म्हणायचं, आणि पाखरं परत. हात बरा असेल, तर ते निशाण. मग युद्ध ते युद्ध."

मितवल्लीला हायसं वाटलं. अख्ख्या इम्बाबात त्याच्याइतका बिघडलेला खांदा नव्हता. "साक्षीला माझ्या डॉक्टरीणबाईंना बोलवा," तो ऐटीत म्हणाला.

डॉक्टर आल्या. त्यांच्यामागून इन्साफही आली, आणि दारातल्या खुर्चीवर बसली. मितवल्लीचा चहा हातातच राहिला. इथे हात वर गेला तर निम्मी कबुतरं जाणार. ईदपर्यंत वर गेला नाही तर सगळीच. पण क्षणभरच तो डगमगला. आज आजारी, ईदला बरा. खांदा त्याचा स्वतःचा होता. कधी बरं व्हायचं हे तो ठरवील.

"डॉक्टरीणबाई, सांगा यांना," तो म्हणाला. "कसा आहे माझा खांदा?"

"कोपर धरून मी वर नेला तर पूर्ण जातो," डॉक्टर म्हणाल्या. "सांधा दोन आठवड्यांपूर्वीच मोकळा झालाय. आता ते स्वतः नेत नाहीत. घाबरतात."

कहवाखान्यात हशा पिकला.

"मी? मी घाबरतो?"

"पुन्हा दुखेल म्हणून. बहुतेक जण घाबरतात."

"मग घाबरू नका, उस्ता," बय्यूमी गोड आवाजात म्हणाला. "करा वर."

मितवल्ली उठला. उजवा हात त्याने कमरेपासून वर आणला, चेहरा वेडावाकडा केला, बरगडीपाशी हात थरथरवला आणि असा कण्हला की चहावाल्याने ओतता ओतता किटली खाली ठेवली. सुरुवातीचं कण्हणं नाटकी होतं. पण बरगडीच्या वर हात न्यायचा विचार केला, तशी त्याला खरोखरच शिडी आठवली, आणि पुढचं कण्हणं खरं निघालं. हात तिथेच अडला.

शेखांनी हळहळत मान हलवली. "मला वाटतं—"

"थांबा, शेख," बय्यूमी म्हणाला. "पाखरं परत द्यायची तर देईन, पण त्यांचं पीसही वाकडं झालेलं नाही, हे आधी सगळ्यांनी बघावं." त्याने पिंजऱ्यातून काळी मादी बाहेर काढली. ती मितवल्लीची सगळ्यात आवडती होती, आणि तिला बय्यूमीची पकड बिलकूल आवडली नाही. तिने झटका दिला, सुटली, आणि मितवल्लीच्या डोक्यावरून रस्त्याकडे झेपावली.

मितवल्लीचा उजवा हात सरळ वर गेला, आणि त्याने तिला हवेतल्या हवेत दोन्ही पायांना अलगद धरलं.

मितवल्लीने मान वळवून वर पाहिलं. त्याचा दंड कानाला टेकला होता आणि बोटांत कबुतर होतं. कुठे काही दुखत नव्हतं.

"हलू नका," डॉक्टर रीहाम म्हणाल्या. पर्समधून पट्टी काढून त्यांनी कोन मोजला. "छान. डाव्यापेक्षा किंचित कमी."

दारातून इन्साफने जीभ हलवून अशी दणदणीत आरोळी काढली की समोरच्या बायका कुणाचं लग्न ठरलं म्हणून खिडक्यांत आल्या. नाक वर करून बसणारी ती बाई रडत होती आणि हसतही होती. "गोळीशिवाय!" ती सगळ्यांना सांगत सुटली. "एकही गोळी न घेता!"

शेख शिहातांनी निवाडा दिला: हात बरा, म्हणजे ते निशाणच. मितवल्लीने काळी मादी बय्यूमीच्या हातात दिली. उजव्या हाताने दिली.

दोघं घरी परतली. जिन्यावर इन्साफ म्हणाली, "तुम्ही जिंकलात. उरलेली पाखरं कुठं जात नाहीत."

"निम्मीच उरलीत."

"मग परत आणा. माझ्या नवऱ्याची पाखरं त्या बय्यूमीनं पोसायची?" तिने बाह्या वर केल्या. "कापड मी देते. ईदच्या दुसऱ्या दिवशी निशाण उचला. बघतेच मी."

मितवल्लीने दुकानात बसून नवं निशाण शिवलं, कोचाला शिवतात तशा दुहेरी टाक्याने. रोज सकाळी काठी उचलली, वर थांबला, हळू खाली आणली. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो निशाण घेऊन जिना चढणार, तोच दारावर थाप पडली.

दारात बय्यूमी होता. मान एका बाजूला कलली होती, जणू मितवल्लीच्या खांद्याला कानगोष्ट सांगायची होती त्याला.

"तुझी पाखरं फार उंच जातात रे," तो कण्हला. "चार दिवस वर बघून बघून मान धरली. गोळ्या खाल्ल्या, तर आता पोट जळतंय. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो." त्याने दीर्घ श्वास घेतला. "मान बरी होईतो वर बघायचं नाही म्हणाल्या."

मितवल्लीच्या हातातली काठी हळूच खाली आली.

"उचल तू निशाण," बय्यूमी जमिनीकडे बघत म्हणाला. "मी काही बोलणार नाही. मला दिसणारही नाही."

मितवल्लीने इन्साफकडे पाहिलं. इन्साफने छताकडे पाहिलं. आजारी माणसावर कोण निशाण उचलतं?

"व्यायाम दिलाय ना?" मितवल्लीने करड्या आवाजात विचारलं.

"दिलाय. पण मला काही घाई नाही. तुझ्या खांद्याला दोन वर्षं लागली, मान तर केवढी नाजूक. तोवर तुझी पाखरं माझ्याकडे मजेत आहेत. दाणा चांगला खातात."

मितवल्लीने काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढली आणि बय्यूमीला तीत दाबून बसवलं.

"इन्साफ, पाणी तापव. मुअल्लिम, पाठ सरळ. हनुवटी आत घे. अजून आत."

"आई गं! दुखतंय रे!"

"दुखू दे," मितवल्ली प्रेमाने म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ येत जाईन मी."