धोतराला लागलेलं पाणी

पाहुणे पोरगा पाहायला येत नव्हते, गळे पाहायला येत होते. निदान कमलीबाईची तशी खात्री झाली होती. या गावच्या विहिरीचं पाणी गळ्याला लागतं, ही कीर्ती पार केनवडच्या बाजारापर्यंत पोचलेली. तिचा गोपीचंद चांगला धट्टाकट्टा, बुजरे बैल एकट्यानं आवरणारा. पण सोयरीक जुळत यायची अन् गावाचं नाव निघालं की मोडायची. त्यातून कमलीबाईच्या स्वतःच्या गळ्यावर लिंबाएवढा गोळा.

दवाखान्यातल्या फय्याज कंपाउंडरनं तिला आयडीनची बाटली दिली होती. "घागरीत एकच थेंब टाका, मावशी. पन सबूर ठेवा लागंल. धीरे धीरे उतरंल."

तिनं इतकी सबूर ठेवली की बाटली फळीवरून खाली उतरलीच नाही. आज मात्र पाहुण्यांचा सांगावा आला आणि सबूर संपली. एका थेंबानं गळा धीरे धीरे उतरतो, तर अख्ख्या बाटलीनं तो पाहुणे येईस्तोवर उतरायला काय हरकत? तिनं बाटली घागरीत उपडी केली.

पहिला घोट नवऱ्यानं, बबनरावानं घेतला आणि अंगणात जाऊन थुंकला.

"काय कालवलं वं यात? दवाखाना पेल्यावानी वाटून राह्यलं."

"औषद हाये. गळ्याचं."

"मंग तू पे. मले काहून?"

तिच्याही घशाखाली ते उतरेना. पण चैत्र संपत आलेला, विहीर तळाला गेलेली. भरली घागर ओतून द्यायला हात धजेना. बबनरावानं ती उचलून अंगणात नेली. "पाव्हण्यायच्या पायावर घालू. पायाले काय चव कळते?"

पाहुणे बैलांच्या दमणीतून उतरले. मुलीचे वडील नथ्थूजी आणि त्यांचा धाकटा भाऊ. दोघांच्या धोतरांना पेजेची अशी कडक कांजी, की चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येई. एवढ्या उन्हातही नथ्थूजींनी गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं. दोघांनी ऐसपैस पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. आयडीन आणि कांजी यांची गाठ पडली की काय होतं, हे काही फय्याजनं सांगितलं नव्हतं. धोतरं काठापासून निळी व्हायला लागली, उपरण्यावरही डाग उठले.

"भाऊ, तुमच्या धोतरावर शाई सांडली."

"तुह्या बी सांडली."

नथ्थूजींनी बबनरावाकडे पाहिलं. "तुमच्या गावचं पानी गळ्याले लागते म्हनत होते लोक. हे त धोतराले लागलं."

"रोज नाही होत असं, पाव्हणे."

"म्हंजे कधी कधी होते?"

धाकटा भाऊ दमणीकडे पाहू लागला. दाराआडून कमलीबाईला ही सोयरीकही परत जाताना दिसली, तशी ती पदर गळ्याभोवती घेऊन धावतच बाहेर आली.

"द्या ते उपरणं, आत्ता धुऊन देतो."

"राहू द्या, बाई."

"असं कसं? डागळलं न ते."

"डागळू द्या."

तिनं एक टोक ओढलं, त्यांनी दुसरं धरलं. त्या ओढाताणीत तिचा पदर घसरला आणि उपरणं तिच्या हातात आलं. नथ्थूजींच्या गळ्यावर चांगला कवठाएवढा गोळा होता.

नथ्थूजी बाजेवर टेकले.

"आमच्या बी गावचं पानी असंच हाये," ते म्हणाले. "पोरीच्या गळ्याले काही नाही. पन पाव्हणे पोरीले पाहाले येते अन् माह्या गळ्याकडे पाहून चालले जाते. म्हनून त धुंडत धुंडत तुमच्या गावाले आलो. म्हटलं, इथं तरी कोनी नाव ठेवनार नाही."

कमलीबाईनं पदर डोक्यावर घेतला. गळ्याभोवती घ्यायचा राहूनच गेला.

"मंग एवढ्या उन्हात हे गुंडाळून कायले आले?"

नथ्थूजी चक्क लाजले.

"पयलीच भेट होती न, इहीनबाई."