एल्बिओच्या अंघोळी

"अंघोळीआधी लावायचा, झाली की बंद करायचा. गीझर आहे तो, मारियेपुढची मेणबत्ती नाही रात्रंदिवस तेवत ठेवायला," एल्बिओ म्हणाला.

"आणि गार पडलेलं पाणी पुन्हा तापवायला वीज लागत नाही वाटतं?" मिर्ताने विचारलं.

मोंतेविदेओतल्या त्या घरात हे भांडण लग्नाइतकंच जुनं होतं. शेवटी जावयाने गीझरच्या प्लगला वीज मोजणारा मीटर लावून दिला. एक आठवडा एल्बिओच्या रीतीने, एक मिर्ताच्या. पैज साधीसुधी नव्हती. ज्याचा आकडा कमी येईल त्याच्याकडे थर्मास, म्हणजे घरादाराला माते, तिकडचा पानांचा काढा, ओतून द्यायचा मान. आजवर तो कडू, हिरवा, वाफाळता मान एल्बिओचा होता. काखेत थर्मास नसला तर त्याला अंगावर सदराच नाही असं वाटे.

त्याचा आठवडा झकास गेला. मिर्ताचा सुरू झाला आणि तो तासातासाला मीटर बघू लागला. गीझर रात्रंदिवस चालू, तरी आकडा गोगलगायीसारखा सरकत होता. म्हातारी जिंकणार!

मिर्ता घराबाहेर पडली की एल्बिओ न्हाणीघरात शिरू लागला. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी आणखी एक. ऊन पाणी खांद्यावरून ओघळे, आकडा वर चढे, आणि आनंदाच्या भरात तो कार्निव्हलची गाणी गाई. न्हाणीघराच्या खिडकीसमोरच ओल्गाबाईंचं स्वयंपाकघर होतं.

"मिर्ते, बोलू नये, पण बोलते," ओल्गाबाईंनी तिला पाववाल्याकडे गाठलं. "या वयात दिवसातून तीन अंघोळी? वर गाणी? आमच्या ह्यांचंही साबणापासूनच सुरू झालं होतं."

त्या रात्री ताटात नुसता पाव आला.

"कोण आहे ती?" मिर्ताने विचारलं.

एल्बिओने पाव खाली ठेवला. खरं सांगावं तर थर्मास जातो, न सांगावं तर बायको जाते. तो थर्मासकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा थर्मासकडे.

"एवढा विचार करावा लागतोय?" ती म्हणाली.

"कुणी नाही गं बाई. मीटर वाढवत होतो."

मिर्ताने शांतपणे मांसाचं भांडं चुलीवरून उतरवून त्याच्यापुढे ठेवलं. "माहीत होतं. आकडा मीही बघते. तीन टॉवेल ओले असतात, ते कोण वाळत घालतं? पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आण तो थर्मास इकडे."

रविवारी दोघं पाण्याकाठच्या रस्त्यावर फिरायला निघाले. थर्मास मिर्ताच्या काखेत, चाल राणीची. एल्बिओला आपला रिकामा हात कुठे ठेवावा कळेना. खिशात घातला, पाठीमागे नेला, केसांवरून फिरवला. शेवटी मिर्तानेच तो धरला.

बाकावर बसलेल्या ओल्गाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं.

"बघ. आला की नाही परत बायकोकडे? आता एकच अंघोळ करतो."