सुदृढ पाडस स्पर्धा

एका जंगलात, बाळांनो, वाघाचं वय झालं. पळवेना. हरणांच्या मागे लागायचं तर चार उड्यांतच धाप लागायची. मग त्याने हरणांच्या मागे लागणं सोडलं आणि हरणांचं भलं करायला घेतलं.

ओढ्याकाठची जमीन त्याने रानडुकरांकडून उकरून घेतली. त्यात लसूणघास पेरला, कडेने चवळी लावली. भोवती काटेरी कुंपण घातलं आणि आत यायला एकच वाट ठेवली, शिस्त राहावी म्हणून. वाटेवर पाटी लागली, 'माता-पाडस पोषण कुरण'. वाघोबांनी स्वतःच्या नखाने फीत कापली. कोल्हा चिटणीस झाला.

नियम दोनच. कुरणात पळायचं नाही, कारण चारा तुडवला जातो. आणि कान टवकारायचे नाहीत, कारण त्याने वाघोबांच्या मनाला लागतं.

वाघोबा स्वतः हल्ली काय खातात, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या घरचं खायचं त्याला असं विचारतात का?

तिथल्या कळपात एक हरिणी होती. अंगभर गोंदल्यासारखे ठिपके, म्हणून तिचं नाव गोंदी. पहिलटकरीण. तिचं पाडस भिंगऱ्या. नावासारखाच तो, एका जागी ठरायचा नाही. लसूणघासाच्या दोन काड्या तोंडात धरायचा आणि फुलपाखरामागे जायचा. बाकीची पाडसं कुरणात बसून खाऊन टुमटुमीत झालेली, आणि ह्याच्या बरगड्या लांबून दिसायच्या.

गोंदीला खाल्लेलं गोड लागेना. येणारी-जाणारी प्रत्येक हरिणी थांबायची, भिंगऱ्याकडे बघायची आणि काहीतरी बोलून जायची. एकीने विचारलं, दूध पुरत नाही का. दुसरीने सांगितलं, दृष्ट काढून टाक. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं, हे माहेरचं अंग. एकदा तर मोरसुद्धा झाडावरून म्हणाला की पोर जरा वाळल्यासारखं वाटतं. मोराचा ह्यात काही संबंध नव्हता.

सगळ्यांत जास्त बोलायची ती थोरली जाऊ, मोहना. तिचा लाडोबा इतका गुटगुटीत, की एकदा बसला की ढकलून उठवावा लागे.

"गोंदे, राग मानू नकोस," मोहना म्हणायची आणि मग राग येईल असंच बोलायची. "आईचं लक्ष असलं ना, की ते पोराच्या अंगावर दिसतं."

दर पौर्णिमेला सकाळी कुरणात सुदृढ पाडस स्पर्धा भरायची. जंगलात वजनकाटा कुठला? वाघोबा एकेका पाडसाची मानगूट अलगद दातांत धरून उचलून बघत. उचललं की त्यांचे डोळे मिटत. तोंडातून लाळ गळे, ती कोल्हा पुसे आणि कानाशी लागून सांगे की साहेब, ठेवा आता खाली, अजून पुष्कळ बाकी आहेत. मग नाइलाजाने ठेवत.

पहिलं आलेलं पाडस वाघोबांच्या गुहेवर पुढच्या शिक्षणाला जायचं. त्याच्या आईच्या गळ्यात चवळीच्या वेलाची माळ पडायची आणि कुरणातली पुढची जागा कायमची तिची व्हायची. गेलेल्यांतलं एकही पाडस अजून माघारी आलं नव्हतं. त्यांच्या आया हे कौतुकाने सांगायच्या. तिकडे इतका रमलाय, म्हणायच्या, की आमची आठवणसुद्धा काढत नाही.

गोंदीच्या मनात पाल चुकचुकत नव्हती का? चुकचुकत होती. पण जिचं पोर हडकुळं, तिने शंका काढली तर तिला शंका म्हणत नाहीत, जळणं म्हणतात. म्हणून ती गप्प बसली आणि भिंगऱ्याला भरवायला लागली. त्याच्या मागे फिरून, गोष्टी सांगून, नाही खाल्लंस तर वाघ येईल अशी भीती घालून. वाघ समोरच बसलेला असायचा. तो मान डोलवायचा.

हळूहळू भिंगऱ्या भरला. पौर्णिमा आली. वाघोबांनी त्याला उचललं, तेव्हा गोंदीचा जीव खालीवर झाला. आणि खरं सांगायचं, तर तिला वाटत होतं की अजून थोडा वेळ धरावं. शेजारच्या पाडसापेक्षा जास्त वेळ धरावं.

लाडोबा पहिला आला. भिंगऱ्या दुसरा.

गोंदी त्या दिवशी रडली. पोर जवळ राहिलं म्हणून नाही, नंबर हुकला म्हणून. मोहना गळ्यात माळ घालून तिच्यासमोरून उगाचच दोनदा गेली.

दुसऱ्या दिवशी गोंदी तडक गुहेवर निघाली. कोल्ह्याच्या पाया पडावं, एक जागा वाढवा म्हणावं, दुसऱ्या नंबरालाही घ्या म्हणावं, असं तिने ठरवलं होतं. दारात कुणी नव्हतं. ती मागच्या बाजूला गेली.

मागे खडकावर लाडोबाचं कातडं वाळत पडलं होतं. शेजारी आधीच्या स्पर्धांचे सगळे पहिले नंबर होते. नुसती हाडं.

तेवढ्यात कोल्हा दात कोरत बाहेर आला.

"वहिनी, भिंगऱ्यासाठी आलात ना?" तो अदबीने म्हणाला. "जरा अजून अंग भरू द्या. पुढच्या वेळी तुमचाच नंबर."

"भरवते की," गोंदी म्हणाली. आणि न पळता, सावकाश चालत परत आली.

आली ती मोहनाकडेच गेली. जे पाहिलं ते सांगितलं. मोहनाचे कान क्षणभर ताठ उभे राहिले. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि खाली पाडले.

"तुझा दुसरा आला," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून माझा मेला म्हणतेस होय?"

जमलेल्या हरिणींनी गोंदीचीच समजूत घातली. स्पर्धा म्हटली की हार-जीत आलीच, इतकं मनाला लावून घेऊ नये. सासूबाईंनी तोंड फिरवलं. कुणी म्हणालं, दृष्ट हिचीच काढायला हवी.

गोंदीने त्याच दुपारी भिंगऱ्याला घेतलं आणि ओढ्यापलीकडची दगडी टेकडी गाठली. तिथे गवत खरखरीत, पाला कडू. भिंगऱ्याच्या बरगड्या परत दिसायला लागल्या. मग त्याला शिंगं फुटली, मग शिंगांना फाटे फुटले.

अजून कधी तरी ओढ्यावर दोघी जावा समोरासमोर येतात. मोहनाच्या गळ्यात ताजी माळ असते. धाकटाही पहिला आला ना तिचा.

"भिंगऱ्या काय करतो सध्या?" ती विचारते.

"काही नाही. चरतो टेकडीवर."

"असू दे, गोंदे," मोहना मायेने म्हणते. "सगळ्यांचीच पोरं पुढे जातात असं नाही."

तात्पर्य: आईने चारचौघींचं ऐकावं. न ऐकणाऱ्या आईचं पोर जन्मभर तिच्या डोळ्यांदेखत चरत राहतं, आणि त्याचं पुढे काहीच झालं नाही, हे अख्ख्या कळपाला दिसतं.