भिंतीतल्या धमक्या

"अलेक्झांड्रियात दोनच गोष्टी लपून राहत नाहीत, शुक्री. एक समुद्राचा वास आणि दुसरा माझ्यासमोर उभा राहिलेला गुन्हेगार. असं नाक शतकातून एकदाच घडतं. पोलिसात जाऊन ते वाया घालवायचं नाही, हे मी लहानपणीच ठरवलं होतं."

शुक्रीने मान डोलावली. तो ट्रामचा निवृत्त कंडक्टर. फुकट्या प्रवाशांच्या थापा ऐकून ऐकून त्याची मान आपोआपच डोलायची. घरी बसलं की बायको गालिचे झटकायला लावी, त्यापेक्षा बहगत सिरगानींचा सहायक होणं त्याला परवडत होतं.

खरं म्हणजे बहगत हे लेखक. इन्स्पेक्टर शाहीनच्या त्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथा त्यांच्याच. पण गेली दोन वर्षं शाहीन एका प्रेताशेजारी उभा होता आणि पुढे काय करायचं ते त्याला कोणी सांगतच नव्हतं. शेवटी कैरोच्या प्रकाशकाने निरोप धाडला : पुस्तकमेळ्याआधी गोष्ट आली नाही, तर शाहीन माझ्या भाच्याकडे लिहायला देईन. त्या दिवशी बहगतनी पेन खाली ठेवलं आणि भिंग उचललं. शाहीन लिहिता येत नसेल, तर निदान शाहीन होऊन बघावं, असा काहीतरी त्यांचा विचार असावा.

"उस्ताद, मेलो! वाचवा!" गल्लीतला इस्त्रीवाला दसूकी धापा टाकत जिना चढून आला. दुकानाच्या भिंतीतल्या फटीत त्याला एक छापील चिठ्ठी सापडली होती : 'आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आज सांगा.'

बहगतनी चिठ्ठी भिंगाखाली धरली, उलटी केली, हुंगली.

"सही नाही. म्हणजे गुन्हेगाराला एकतर लिहिता येत नाही, किंवा फारच चांगलं येतं. कडा सरळ कापल्यात. त्याच्याकडे कात्री आहे."

"कात्री तर माझ्याकडेही आहे," शुक्री म्हणाला.

"ते माझ्या ध्यानात आहे."

तेवढ्यात दसूकीचा बांध फुटला. "सांगतो, उस्ताद, सगळं सांगतो! तुमचा तपकिरी सूट घालून मी लग्नांना जातो. मागच्या लग्नात नाचताना काखेत उसवला, तो मीच शिवला. चिठ्ठी ठेवणाऱ्याला ते कळलंय!"

बहगतनी भिंग खाली केलं. गेलं वर्षभर सूट इस्त्रीहून अत्तराचा वास घेऊन परत यायचा, आणि ते दसूकीच्या कोळशाचं कौतुक करायचे.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," ते म्हणाले.

खाली उतरतात तर जिन्यात शेजारीण उम्म करीम टीव्ही मांडीवर घेऊन बसलेली. इमारतीच्या दाराजवळच्या फटीत तिला सापडलेली चिठ्ठी म्हणत होती : 'घराला आग लागली आहे. एकच वस्तू वाचवता येईल. कोणती?'

"हा घर पेटवणार आहे मेला! सकाळपासून बसलेय इथे."

"आणि तुमच्या सासूबाई?" शुक्रीने विचारलं.

"वर आहेत. त्यांना पाय आहेत. टीव्हीला कुठे आहेत?"

बहगतनी गल्लीतली प्रत्येक फट मोजली. चिठ्ठ्या सगळ्या कमरेच्या उंचीवर, आणि एकीशेजारी शिळ्या भाकरीचा तुकडा. "गुन्हेगार कमरेइतका आहे. म्हणजे बुटका. किंवा उंच असून मुद्दाम वाकलेला. आणि ही भाकरी म्हणजे टोळीची खूण!"

"उस्ताद, रस्त्यात पडलेली भाकरी माणसं उचलून भिंतीत ठेवतातच की. पायाखाली येऊ नये म्हणून."

"साधी माणसं ठेवतात, शुक्री. आपली गाठ साध्या माणसाशी नाही."

दुपारपर्यंत संशय न्हाव्यावर होता, कात्रीमुळे. मग न्हावी सहा फुटांचा निघाला, तर तो वाकलेला ठरला. मग तो महिनाभर गावाला गेलाय असं कळलं, तर बहगत म्हणाले, "यालाच मी पूर्वतयारी म्हणतो." अखेर त्यांनी दसूकीच्या दुकानात खरा गुन्हेगार जाहीर केला : प्रकाशकाचा भाचा! गल्लीची गुपितं ओकवून घ्यायची आणि त्यांवर शाहीनच्या गोष्टी पाडायच्या, असा त्याचा कट होता. हे सांगताना बहगतचा आवाज चिरकला. शुक्रीला हसू आलं होतं, ते त्याने गिळलं.

टेहळणीसाठी दोघं इस्त्रीच्या कपड्यांमागे दबा धरून बसले. ऊन कलता कलता एक आकृती भिंतीकडे आली, तिने जमिनीवरचा कागद उचलला, त्याचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला आणि फटीत खोचला.

"थांब, नराधमा!" बहगतनी झेप घेतली आणि त्यांच्या नडगीवर काठी बसली.

"नराधम कोणाला म्हणतोस रे?" ती हज करून आलेली गल्लीतली म्हातारी, हज्जा नफीसा होती. वयाने पार कमरेत वाकलेली.

"हज्जा, तुम्ही? या धमक्या तुम्ही ठेवता?"

"कसल्या धमक्या? अक्षरं आहेत ती! त्यात अल्लाचं नाव आहे की नाही, मला कुठे वाचता येतंय? तुडवू द्यायची का लोकांना?"

"पण ती येतात कुठून?"

हज्जाने काठी वर केली. "तुझ्याच सज्ज्यातून. वारा सुटला की पडतात."

सगळ्या गल्लीने वर पाहिलं. सज्ज्यातल्या कुंड्यांत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या अडकल्या होत्या, आणि त्यांच्यामागे बहगतची बायको इनशिराह कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"लेकीने कुवेतहून पुडा पाठवला होता," ती वरूनच ओरडली. "रोज एक चिठ्ठी काढायची आणि त्यावर पानभर लिहायचं. आटलेल्या लेखकांना गुण येतो म्हणे! बहगत, तू तर लिहितोय म्हणालास की रे रोज! न उघडताच सज्ज्यात भिरकावलास होय? फुटला बघ कुंड्यांवर!"

बहगतनी भिंग खिशात घातलं.

"म्हणजे मला कोणी धमकावलंच नव्हतं?" दसूकी रडवेला झाला. "मग मी बोललो ते परत द्या!"

"आणि मी काय उगाच टीव्ही उतरवला?" उम्म करीम म्हणाली. गल्ली पोट धरधरून हसली.

बहगत जिन्यात खालच्याच पायरीवर बसले. शुक्री शेजारी टेकला.

"भीती वाटली रे," बहगत म्हणाले. "चिठ्ठी उघडली आणि तरीही काही सुचलं नाही तर? मग बोलायला जागाच उरली नसती. तो पुडा टेबलावर बसून नुसता माझ्याकडे बघायचा."

शुक्रीला मनापासून वाईट वाटलं. दोन वर्षं हा माणूस बिनतिकीट प्रवाशासारखा जीव मुठीत धरून बसला होता, आणि आपण नुसती मान डोलावत राहिलो.

"पण औषध लागू पडतं, उस्ताद," तो म्हणाला. "दसूकीला बघा. एक ओळ वाचली आणि भडाभडा बोलला."

"हं." बहगतनी काठी बसलेली नडगी चोळली. मग म्हणाले, "त्या लग्नांत त्याला ओळखत कोण होतं?"

"कोणी नाही. आमंत्रणसुद्धा नसायचं."

"मग उसवेपर्यंत नाचला कशाला?"

"ते मला काय ठाऊक?"

"मलाही नाही," बहगत म्हणाले. त्यांचे डोळे लकाकले आणि ते दोन दोन पायऱ्या चढत वर पळाले. शुक्री पोहोचला तेव्हा ते टेबलाशी ओणवे होऊन लिहीत होते. त्याने खांद्यावरून डोकावलं. एक माणूस दुसऱ्याच्या सुटात, अनोळखी वरातीत नाचत होता. प्रेत नव्हतं, शाहीनही नव्हता.

टेलिफोन वाजला. "कैरोहून प्रकाशक आहेत," इनशिराह म्हणाली. "शाहीनचं काय, विचारतायत."

"भाच्याला देऊन टाका म्हणावं," बहगत मान वर न करता म्हणाले. "मी कामात आहे."

इनशिराहने निरोप दिला, फोन ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. कांदे आणायला ती बहगतला पाठवणार होती. पिशवी तिने शुक्रीच्या हातात दिली.