एका धुराड्यास दोन विस्तव जोडिले त्याचे वर्तमान

श्रीअग्निनारायणास वंदन, ज्याचे प्रसादें घर नांदते आणि ज्याचे कोपें घर सुने होते. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, पौषमासीं डोंगरावरील एका राज्यांत जे जाले ते आम्ही देवडीवर चाकरीस असतां डोळां पाहिले, तैसे लिहितो. त्या सालीं थंडी ऐसी पडली की घागरींतील पाणी गोठोन घागरी फुटल्या. राणी चंद्राऊसाहेब नुकत्या प्रसूत होऊन पुत्र जाला होता, बाळराजे अशक्त, आणि राजे बहुत चिंतेंत पडले. बाळंतिणीचे दालनाखालीं न्हाणीघर होते, तेथें पाणी तापवावयाचा थोर तांब्याचा बंब, आणि त्याचा धूर भिंतींतील जुन्या धुराड्यानें वर जात असे. मग राजांनी टोपीकर फिरंग्यांकडोन कोळशाची लोखंडी भट्टी आणविली आणि दालनांत मांडविली. तेव्हां दर्याजी पाथरवट, वाड्याचा जुना कारागीर, हात जोडोन बोलिला, "महाराज, भट्टीस वेगळे धुराडे बांधू द्यावे. जुन्याचा घसा बंबापुरताच आहे. दोहींचा धूर त्यांत मावणार नाही." राजे बोलिले, "वाड्यास दोन धुराडी शोभत नाहीत, शिंगे फुटल्यासारखी दिसतील. त्यासच भोक पाडोन जोडा." दर्याजीनें हुकुमाप्रमाणे जोडिले.

बाळंतिणीस वारा लागू नये म्हणोन ठकूबाई सुइणीनें खिडक्यांस रजया ठासिल्या, आणि दालन ऊबदार जाले, आणि सर्वांस समाधान वाटले. तिसरे दिवशीं सकाळीं गोदी दासी भट्टीजवळ बसली होती ती बसल्या ठायींच गेली. अंगावर जखम नाही, दालनांत धूर नाही, गाल मात्र लाल, जैसी आताच हसेल. राणी बाईसाहेबांचे डोके दुखत होते आणि ठकूबाईस दोनदा ओकारी जाली. वाड्यांत भय शिरले. देवऋषी आणिला, तो बोलिला की गोदीस भुताने धरिले होते, ते आता बाळ मागते, तीन दिवस दार उघडू नये. मग दारास काळा दोरा बांधिला, आंतून ठकूबाईनें कडी घातली, भट्टी तैसीच जळत राहिली, आणि गोदीचे प्रेत मंत्राविना माळावर नेऊन जाळिले. तिची आई काशी पाठीमागे चालत होती, तिजजवळ कोणी गेले नाही.

दुसरे दिवशीं सकाळीं धुके ऐसे होते की हातभरावरील माणूस दिसेना. दर्याजी देवडीवर येऊन आम्हांस पुसता जाला, "गोदी गेली तेव्हां खाली बंब पेटला होता का?" आम्ही सांगितले, "होता. राजांचे स्नानाचे पाणी होते, आधीचे दोन दिवस बंब थंड होता." "आणि आज?" "घटका जाली पेटवून." हे ऐकतांच त्याचा चेहरा उतरला. तो दाराशीं जाऊन हाका मारू लागला, "ठकूबाई, कडी काढा." आंतून उत्तर नाही. आम्हीं कान लाविला तों बाळाचे रडणेही नाही. इतक्यांत राजे आले. देवऋषी आडवा होऊन बोलिला, "दार उघडले तर बाळ जाईल." राजांचा हात दोऱ्यापर्यंत जाई आणि मागे येई. दर्याजी बोलिला, "महाराज, आंत भूत निघाले तर माझे डोके उतरवा. पण आधी दार."

मग राजांनी स्वतः खांदा लाविला, आणि आम्हींही लाविला, आणि कडी तुटली. आंत सर्व शांत. ठकूबाई भिंतीस टेकोन पडलेली, बाईसाहेब पलंगावर, गाल गोदीसारखेच लाल. दर्याजीनें श्वास धरोन हातोड्यानें खिडकी फोडिली, आणि आम्हीं तिघांस उचलोन सज्जांत आणिले. थंड वारा लागतां ठकूबाई कण्हली, मग बाईसाहेबांस ओकारी जाली, आणि "बाळ कोठे?" ऐसे पुसिले. बाळराजे हालत नव्हते. राजांनी छातीशीं धरोन पाठ चोळिली, चोळीतच राहिले, आणि मग मांजराचे पिलासारखा बारीक आवाज आला.

उपरी दर्याजीनें सर्व खिडक्या उघडोन काकडा पेटविला आणि भट्टीचे तोंडाशीं धरिला. खाली बंब जळत होता, आणि ज्योत धुराड्याकडे न जातां दालनाकडे वळली. बंब विझविला, आणि ज्योत आंत वर ओढिली गेली. दर्याजी बोलिला, "कोळशाची वाफ दिसत नाही आणि वासही येत नाही, महाराज. धुराड्यांत जागा मिळाली नाही की ती माणसांत येते." मग राजे जोडे न घालतां काशीचे घरीं गेले, आणि आम्ही मागे होतो. राजे बोलिले, "तुझ्या लेकीस भूत नव्हते. आमच्या हट्टानें ती गेली." काशीनें चुलींतले लाकूड मागे ओढिले, आणि वर न पाहतां बोलिली, "मला ठावं होतं. हे गावाला सांगा."

राजांनी दवंडी पिटविली आणि गोदीचे दिवस वाड्यांत घातले. भट्टीस वेगळे धुराडे बांधिले, आणि दोन विस्तव एका घशास जोडू नयेत, खिडकी पुरती बुजवू नये, ऐसा हुकूम जाला. एकूण माणूस एक गेले, तीन वांचली. देवऋषी राज्याबाहेर गेला. बाईसाहेब पुढे कितीएक हिवाळे भट्टी पेटली की बाळराजांचे नाकाखालीं बोट धरोन बसत, आणि त्यांस नीज म्हणावयास कोणी धजत नसे. पाहिले तितुके लिहिले, अधिक नाही.