चुरीकाका आणि तलासरीचं पाणी

चुरीकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम एक चिकू असतो आणि तो खाण्यासाठी नसतो. तो पाण्यासाठी असतो.

"मंगल, आधी चिकूची फोड खायची," ते मला समजावतात. "जीभ जरा जाड झाली पाहिजे. मग पाण्याचा घोट घ्यायचा. खरं पाणी जीभ धुऊन काढतं. खोटं पाणी तिथल्या तिथे उघडं पडतं."

पाणी म्हणजे विहिरीचं किंवा नळाचं नव्हे बरं का. सीलबंद बाटलीतलं, दुकानातून विकत आणलेलं. डहाणू रोडच्या दुकानांत मिळते ती प्रत्येक बाटली या माणसाने चाखलीय. मसोलीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे चाखण्याचे निकाल मला सकाळी दात घासतानाच ऐकावे लागतात.

काकांनी उभा जन्म चिकूच्या वखारीत माल निवडण्यात घालवला. फळ हातात आलं की एक नंबर, दोन नंबर नाहीतर फेकमाल. तिसऱ्या विचाराला जागा नाही. वखार सुटली, हात मोकळे झाले आणि एके दिवसापासून काका बाटल्या घेऊन घरी येऊ लागले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! असं मी तरी धरून चालले होते.

त्यांचा पहिला राग लेबलांवर. "हे वाच. सात वेळा गाळलेलं. अरे, एवढं काय घाण होतं त्यात? पुढे वाच. क्षार काढले. त्याच्याही पुढे वाच. क्षार घातले. म्हणजे आमच्या घरात शिरायचं, भांडी उचलायची, तीच भांडी परत आणून द्यायची आणि वर हमाली मागायची!"

एक बाटली तर काचेची. तिच्या किमतीत म्हशीचं दूध आलं असतं, वर साखरही. दुकानदार गुजराती, काकांना पुरता कंटाळलेला. काका दुकानातच डोळे मिटून घोट तोंडात घोळवत होते. तो म्हणाला, "काका, आ पाणी छे, दारू नथी. गिळा नी!"

काकांनी गिळलं आणि ठरलेलं वाक्य टाकलं. "मागून लोखंड येतं."

प्रत्येक पाण्याला त्यांचा हाच निकाल. महागाचं असो, स्वस्ताचं असो, बाटलीवर धबधबा असो की हरणं, पुढून काहीही लागो, मागून लोखंड येतंच. गावात त्याचा विनोद झाला. चहा बिघडला की रिक्षावाले एकमेकांना सांगायचे, "मागून लोखंड येतं रे!" काका ऐकायचे आणि खुशाल हसायचे.

नापास बाटल्या आमच्याकडे यायच्या. प्रत्येकीतलं अर्धा पेला पाणी गेलेलं, बाकी तसंच. फेकवत नाही म्हणून मी ते झाडांना घालायची. आमच्या तुळशीने जेवढं उंची पाणी प्यायलंय तेवढं आमच्या सात पिढ्यांनी प्यायलं नसेल. सुमनकाकींना, म्हणजे काकांच्या बायकोला, या वेडाचा त्रास होत नाही का, असं मला फार विचारायचं होतं. पण काकी हल्ली बाहेरच येत नसत. विचारलं की काका म्हणायचे, "अशक्तपणा आहे जरा," आणि लगेच चिकू काढायचे.

अशात माझ्या पल्लवीचा साखरपुडा ठरला. स्थळ तलासरीचं, मुलगा सोन्यासारखा, पण त्या घरात पान हलायचं ते मुलाच्या मामांच्या शब्दावर. मुलाचं आधीचं एक ठरत आलेलं लग्न केवळ मामांना मागची खुर्ची दिली म्हणून मोडलं होतं. आणि या मामांचा धंदा काय? तलासरीला हायवेलगत पाण्याचा प्लँट! बाटलीवर त्यांच्या आईचं नाव आणि मागे बर्फाचे डोंगर. तलासरीत बर्फ दिसतो तो फक्त मासळीच्या टेम्पोत, पण लेबलाला कोण विचारतो?

समारंभाचं सगळं पाणी आपल्याकडून, असा मामांचा निरोप आला. मी तडक काकांच्या दारात.

"काका, हात जोडते. परवा चिकू घरी ठेवा."

"ठेवतो."

"आणि पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. माझ्या पोरीचं लग्न आहे."

"मंगल, मी काय खुळा आहे?"

मी त्यांच्या खिशाकडे बघितलं.

साखरपुड्याच्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या हॉलवर अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले, माझा जीव जरा भांड्यात पडत होता. तेवढ्यात बघते तर मामा स्वतः बाटली घेऊन काकांसमोर उभे. कुणीतरी चोंबड्याने सांगितलं असणार.

"काका, तुमचं बहु नाव ऐकलंय," मामा म्हणाले. "आपला माल चाखा नी. जे असेल ते बेधडक बोला."

मी लांबून डोळे वटारले, मान हलवली, हातवारे केले. काका खिशात हात घालत होते. चिकू निघाला! भर हॉलमध्ये त्यांनी तो बोटांनी फोडला, अर्धा खाल्ला आणि घोट घेतला. विहीणबाई पेढा तोंडाशी धरून थांबल्या. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मी मनातल्या मनात महालक्ष्मीला ओटी बोलले.

काकांनी डोळे उघडले. दुसरा घोट घेतला. मग तिसरा. आजवर कुठल्याही पाण्याला तिसरा घोट मिळाला नव्हता.

"मागून..." ते पुटपुटले आणि पुढचं बोललेच नाहीत. कोपऱ्यातली बाटल्यांची एक अख्खी पेटी त्यांनी खांद्यावर घेतली आणि त्या वयात जवळजवळ पळतच हॉलबाहेर गेले.

"आ शुं?" मामा म्हणाले. "माणूस पेटी घेऊन गेला?"

विहीणबाईंचा चेहरा बघवेना. माझं तर डोकंच फिरलं. शालू सावरत मी काकांच्या मागे निघाले. आज याला फाडून खाते, चिकूसकट, असं म्हणत त्यांच्या घरात शिरले.

मागच्या पडवीत सुमनकाकी आरामखुर्चीत बसल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला. रुमालाखाली केस नव्हते. हात तर इतके बारीक की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. काकांनी पेटी फोडली आणि पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

"घे सुमन. मागून लोखंड येत नाही. मी नीट चाखलंय."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. 

काकींनी अर्धा पेला प्यायला. थांबल्या. मग उरलेलाही संपवला.

"गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या, बोर्डीच्या विहिरीसारखं."

काका पेटीवरच बसले. शर्टाच्या टोकाने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "एक नंबर," एवढंच म्हणाले आणि बाटल्या उचलून माठाजवळ ठेवायला आत गेले. मला त्यांनी पाहिलंच नव्हतं.

काकींनी खुणेने मला जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नका म्हणून मीच ह्यांना शपथ घातली होती. बायका येऊन रडत बसल्या असत्या." त्यांनी माझा हात धरला. "वापीच्या हॉस्पिटलातली औषधं सुरू झाली तेव्हापासून पाण्याला लोखंडाची चव येते गं. घोट घशाखाली उतरत नाही. ह्यांनी आणलेली प्रत्येक बाटली मी अर्ध्या पेल्यावर बाजूला सारली, मग ह्यांच्याही जिभेला लोखंडच लागायला लागलं. डॉक्टर म्हणतात, पाणी पोटात गेलंच पाहिजे."

"मग हे पाणी तरी बरं लागलं ना, काकी?"

काकींनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला.

"लोखंडच लागतं, मंगल. पण आज ह्यांचं तोंड बघितलंस? मी पेला बाजूला सारला की हे पुन्हा उन्हात बाटली शोधायला निघणार. किती फिरवू? आता हेच पाणी एक नंबर. मी पिईन डोळे मिटून. तू तेवढं मामांकडून पाठवायचं बघ."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. शालूच्या पदराला डोळे पुसत मी हॉलवर परतले. मामा दारातच कमरेवर हात ठेवून उभे.

"शुं थयुं? काय बोलले काका?"

"एक नंबर म्हणाले," मी सांगितलं. "घरी काकींना पाजायला घेऊन गेले. आता दुसरं पाणी घरात येणार नाही म्हणतात."

मामांची छाती अशी फुगली की मला कोटाच्या बटणांची काळजी वाटली. माइक घेऊन त्यांनी सगळ्या हॉलला ही बातमी सांगितली आणि लग्नाची तारीखही तिथेच पक्की करून टाकली.

आता दर आठवड्याला तलासरीचा टेम्पो आमच्या गल्लीत येतो. काकी पितात. केसही थोडे थोडे येऊ लागलेत. आमची तुळस मात्र नळाच्या पाण्यावर आलीय.

परवा काका अंगणात भेटले. मी विचारलं, "काय काका, हल्ली नवीन बाटली नाही ती?"

"आता कशाला? सापडलं ना." त्यांनी सवयीने खिशात हात घातला, चिकू काढला, जरा बघितला आणि माझ्या हातावर ठेवला. "खा. गोड असेल."